उतारावरचं पहिलं चित्र

कोळशाने काढलेल्या चित्राची सुरळी करायची नसते, हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. फळ्यावर खडूच्या रेघेवरून तळहात फिरवून ती कशी फरफटते तेही दाखवत असे. आणि एवढं सांगणाऱ्या मीच एका फाल्गुनात, तिघांनी दिवसभर उन्हात बसून काढलेले सगळे कागद एकावर एक ठेवले, त्यांची घट्ट सुरळी केली, बायकोच्या परकराच्या जुन्या नाडीने बांधली आणि एसटीच्या फळीवर ठेवून दिली. पुढच्या थांब्यावर एका गृहस्थाने तिच्यावर हरभऱ्याचं गाठोडं टेकवलं. मी ते तसंच राहू दिलं. माणूस वयस्कर होता, आणि मला वाटलं, कागदाला काय होतंय.

शिरपूरला घरी येऊन ओट्यावर सुरळी उलगडली. एकाही कागदावर झाड नव्हतं, दगड नव्हता, आभाळ नव्हतं. सगळीकडे शेणाने सारवल्यासारखा एकसारखा काळा रंग. लाखेचं पाणी फुंकून कोळसा पक्का करायची बाटली माझ्याकडे होती. म्हणजे घरी होती, खिडकीत. नानांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक कागद पाहिला आणि म्हणाले, "आते हाई खरं जळेल जंगल शे."

नाना म्हणजे दोंडाईच्याचे. आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. सिनेमाच्या जाहिरातींचे मोठे बोर्ड रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. नटीचा गाल रंगवायला त्यांना शिडी लागायची, त्यामुळे हातात लहान कागद आला की ते बावरून जात. दुसरा माझा मित्र, धुळ्याचा. चित्रकला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. पुढे मी मास्तर झालो, तो झाला नाही. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, कॅलेंडरची चित्रं असं काहीबाही करायचा. पण तिघांत खरा हात त्याचाच होता. फक्त एक खोड होती. समोर वस्तू असल्याशिवाय त्याला रेघ ओढता यायची नाही. गणपती काढायचा तरी आधी मूर्ती आणून स्टुलावर ठेवायचा. मनाने काढ म्हटलं की घामाघूम व्हायचा.

आणि तिसरा मी, दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य अख्ख्या तालुक्याच्या पोरांना शिकवून बसलेला माणूस.

ऐंशीच्या दशकाची उतरती वर्षं असतील. त्या फाल्गुनात शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचा एक उतार जळाला. संध्याकाळी गच्चीवरून डोंगराला लाल काठ लागलेला दिसला. मित्र त्या दिवशी आमच्याकडेच होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, आपण याची चित्रं काढू. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एकाच खडकावर बसून, उतार परत भरून येईपर्यंत. मग सगळी ओळीने लावू. नानांना निरोप गेला, पुढच्या रविवारी ते आले. चित्रं जळलेल्या जंगलाच्या कोळशानेच काढायची, ही कल्पना नानांची. मला एवढा आनंद झाला की बाटली घरी राहिली. आयुष्यात अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून मी केलेलं ते पहिलं काम, आणि खरं सांगायचं तर पुढेही तसं दुसरं काही हातून झालं नाही.

पहिली चित्रं माझ्या कृपेने गेली. लगेच पुन्हा जाऊन काढता आली असती. पण पुढच्या रविवारी रावेरकडे मेहुणीचं लग्न होतं, आणि सासरे केळीवाले असले की लग्न एका दिवसात आटपत नाही. मग परीक्षा आल्या, पेपर आले. आम्ही तिघं पुन्हा उतारावर गेलो तेव्हा आषाढ लागला होता आणि काळ्याचा मागमूस नव्हता. नाना म्हणाले, त्यात काय, काळं ते काळं, घरी बसून मनाने काढू. तेव्हा मी खडकावर उभा राहून एक नियम केला. डोळ्यासमोर नाही ते काढायचं नाही. कागद घालवलेल्या माणसाला काहीतरी करारी बोलावं लागतं, तसं मी बोललो. मित्राने मान डोलावली. त्याला तो नियम मनापासून पटला. पटणारच.

पुढची तीन-एक वर्षं आम्ही त्या खडकावर जात राहिलो. फाट्यापर्यंत एसटी, तिथून पायी. वाटेत एक पाडा लागायचा, तिथली एक म्हातारी न मागता पाणी द्यायची. तिच्या झोपडीमागे तिचं मोहाचं झाड होतं. मोहाच्या दिवसांत फुलं वेचायला जमीन साफ असावी म्हणून ती झाडाखालचा पाचोळा झाडून त्याला काडी लावायची, आणि हातात ओली फांदी घेऊन शेवटची ठिणगी विझेपर्यंत तिथेच उभी राहायची. नानांनी तिचं तसं उभं चित्र काढलं होतं. ते त्यांचं या सगळ्यातलं सर्वांत चांगलं चित्र. कागदावर मावली नाही म्हणून पावलं तेवढी काढायची राहिली.

उतारावर काय काय आलं ते सांगत बसलो तर तुम्ही कंटाळाल. सागाच्या जळक्या बुंध्यांतून फुटवे आले, त्यांना सुपाएवढी पानं. ती चुरगळली की हात लाल होतात. मित्र त्याच लालाने रंगवायचा. आधी गवत, मग करवंदीच्या जाळ्या, मग अंगठ्याएवढे, मग मनगटाएवढे सोट. आणि आमच्या खडकापासून हाकेच्या अंतरावर एक अंजनाचं रोप. आपट्याचं पान मधोमध फाडावं तशी त्याची जोडपानं, कोवळी असताना तांबूस. अंजन फार सावकाश वाढतो. वर्षभराने पाहिलं तरी आपण कालच आलो होतो असं वाटावं. माझ्या वाट्याला तिघांतला सगळ्यांत सावकाश हात आलेला, म्हणून असेल, मला ते रोप आपलं वाटायचं. प्रत्येक खेपेला मी आधी त्याच्याकडे बघून यायचो. मित्र म्हणायचा, मास्तर हजेरी घेऊन आले.

एका हिवाळ्यात बायकोला घेऊन गेलो. तिने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. खडकावर बसून तिने आमची तिघांची चित्रं पाहिली, मग समोरचा उतार पाहिला आणि म्हणाली, "आमच्याकडे केळीचं खोड कापलं तर दुसऱ्या दिवशी मधून पोंगा वर येतो. त्याचं कुणी चित्र काढत नाही बाप्पा."

नाना खूप हसले. "मास्तर, तुनी बायको भलती हुशार शे," म्हणाले. "तिलेच बसाड कागद लई."

ती कागद घेऊन बसली नाही. पण मी रोप दाखवलं तेव्हा म्हणाली, शेळ्या आल्या तर एका घासाचं आहे हे. मग पदर खोचून तिने आजूबाजूचे दगड गोळा केले आणि रोपाभोवती गोल रचले. वरच्या बाजूला एक पांढरी गारगोटी बसवली, लांबून दिसावी म्हणून. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक चित्रात तो गोल आणि ती गारगोटी आली. कोळशाच्या चित्रात गारगोटी काढायची म्हणजे तेवढी जागा कोरी सोडायची. मित्र ती फार सुंदर सोडायचा.

नव्वदच्या आसपास जळगावच्या एका वाचनालयाने चित्रं लावायला दिवाणखाना द्यायचं कबूल केलं. चैत्र संपता संपता, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडं आधी. माझ्या अंगात एकदम वारं भरलं. शाळेत मी मुख्याध्यापकांना चहा पाजला. धोबी, न्हावी, दूधवाला, सगळ्यांना प्रदर्शन माहीत झालं. एकच गोष्ट टोचत होती. पहिलं चित्र नव्हतं. जळलेला उतारच नव्हता आमच्याकडे. हिरवळ कुठून उगवली ते न दाखवता आम्ही हिरवळ दाखवणार होतो. कुणी याबद्दल मला बोललं नाही, पण बोलत नव्हते तेही मला ऐकू यायचं. त्यात फाल्गुनात परीक्षा, मग पेपरांचे गठ्ठे. त्या मोसमात मला उतारावर जाताच आलं नाही. मित्र म्हणाला, तू तुझे पेपर तपास, मी आणि नाना जाऊन येतो.

चैत्रात एका दुपारी तो मोटारसायकलवरून घरी आला. दारातच म्हणाला, मास्तर, पहिलं सापडलं. त्या दिवशी त्याने म्हणे एक कागद वेगळा काढून आपल्या पिशवीत ठेवला होता, माझ्या सुरळीत दिलाच नव्हता. ट्रंकेच्या तळाशी निघाला. मी त्याला मिठी मारली. शेजारच्या बाई ओसरीवर गहू निवडत होत्या, त्यांच्यासमोर. दोन पुरुषांनी भर दुपारी मिठी मारायची आमच्याकडे पद्धत नाही, पण मला सुचलं नाही दुसरं. म्हटलं, तू माझं पाप धुतलंस. कुठे आहे, दाखव. तो म्हणाला, फ्रेमला दिलंय जळगावला, तिथेच बघ. जेवून गेला. दोनदा आमटी मागून घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी बायको नवीन पातळ नेसून आली. मी आदल्या रात्रीपासून आभाराचं भाषण पाठ करत होतो, कारण आभार मानायचं काम तिघांत मास्तरकडेच येतं. दिवाणखान्यात चांगली गर्दी होती. डावीकडून उजवीकडे चित्रं ओळीने लावली होती आणि लोक तसेच सरकत होते. काळ्यापाशी गप्प होत, आणि मग हळूहळू हिरव्याकडे जाताना चेहरे सैल पडत. एक आजीबाई नातसुनेला म्हणाल्या, बघ, देव नेतो तसा देतोही. मला भरून आलं. म्हटलं, चला, आयुष्यात काहीतरी झालं.

मग मी पहिल्या चित्रासमोर गेलो.

आधी नुसता काळा पाहत राहिलो. काय काळा होता तो! त्याच्या पोटात दहा प्रकारचे काळे होते. असा हात देवाने मला का दिला नाही असंही मनात येऊन गेलं. मग मला त्या काळ्यात एक कोरा ठिपका दिसला. गारगोटीएवढा. त्याच्याखाली दगडांचा गोल. गोलाच्या मधोमध एक काळी काडी.

मी मास्तर माणूस, आधी चूक माझ्यातच शोधतो. म्हटलं, तेव्हाही दगड असतील. पण नव्हते. ते दगड बायकोने दोन वर्षांनंतर रचले होते. मग मी बाकीचं चित्र पाहिलं. बुंध्यांभोवती मनगटाएवढे सोट जळून उभे होते. पहिल्या आगीनंतर तिथे सोट नव्हतेच, ते त्यानंतर आले. जळायला आधी उगवावं लागतं. त्याने डोळ्यासमोर होतं ते सगळं इमानाने काढलं होतं. खोटं काढणं त्याला जमतच नव्हतं. ते चित्र पहिलं नव्हतंच, भिंतीच्या उजव्या टोकाला शेवटचं लागायला हवं होतं, आणि एवढ्या माणसांत ते कुणालाच माहीत नव्हतं.

मागच्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. तिथे तो पाणी पीत उभा होता. मी विचारलं, "पहिलं कधीचं आहे?"

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "होळीनंतरचं."

"कोणत्या होळीनंतरचं?"

"या."

मला वाटलं होतं तो काहीतरी सांगेल, निदान रागावेल. त्याने तांब्या माठावर नीट उपडा ठेवला. म्हणाला, आपल्या भिंतीला सुरुवातच नव्हती. नुसतं हिरवं बघायला कोण थांबतं? आधी काळं दिसलं तर हिरव्याला किंमत. आणि जास्त नाही जाळलं, आपला उतार तेवढाच. या दिवसांत मोहाखालून आग पसरतेच, कोण विचारायला येतंय.

मला ती म्हातारी आठवली, ओली फांदी घेऊन उभी असलेली. विचारायला येणारे तिच्याच झाडाकडे बोट दाखवणार होते.

मी म्हटलं, "मनाने काढायचं होतंस."

"तूच म्हणाला होतास ना, समोर नाही ते काढायचं नाही."

हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खरंच बोलत होता. त्याने नियम पाळला होता. माझा नियम. आणि तो पाळून घरी येऊन माझ्या मिठीत उभा राहिला होता, आमटी मागून जेवला होता. उतार जळाला त्याचं दुःख मोठं की हे मोठं, ते मला अजूनही नीट ठरवता येत नाही. म्हणजे उतार मोठा, हे कळतं. पण घशाशी येते ती आमटी.

"नानांना माहीत आहे?"

"वारा नानांनीच बघितला. त्यांनी सांगितलं तेव्हाच काडी लावली."

नाना व्हरांड्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. केव्हा आले कळलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. नानांना मी वडिलांसारखं मानत होतो. प्रवासात त्यांची पिशवी मी धरायचो, विड्याचा डबा मी आठवणीने घ्यायचो. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"चित्र तं चांगलं व्हयनं ना, मास्तर?" म्हणाले.

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं गेलं. आभार.

मी काय करायला हवं होतं, ते मला नंतर अनेकांनी सांगितलं. ज्यांना मी ही गोष्ट सांगितली त्या प्रत्येकाने सांगितलं. तिथेच बोलायचं, फ्रेम उतरवायची, निघून यायचं. मी आत गेलो, माईकसमोर उभा राहिलो, आणि पाठ केलेलं भाषण आपोआप सुरू झालं. पाठांतराचा हाच वाईटपणा आहे, पोरांनाही मी हेच सांगतो. वाचनालयाचे आभार मानले. अध्यक्ष म्हणून आलेल्या वकीलसाहेबांचे मानले. सतरंज्या घालणाऱ्यांचे मानले. मग ते वाक्य आलं. आदल्या रात्री मी तेच सर्वांत जास्त घोटून घेतलं होतं. ज्यांनी आमचं पहिलं चित्र काळजाशी जपून ठेवलं, त्या माझ्या मित्राचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. शब्द मुळीच अपुरे पडले नाहीत. टाळ्या झाल्या. मित्रानेही वाजवल्या, सगळ्यांबरोबर, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला माफ करून मोकळा झालो.

त्या टाळ्यांनी मी गोंधळलो. पाठांतर संपलं होतं आणि मी अजून माईकसमोरच होतो. माणूस गोंधळला की घरचं बोलतो. मी म्हटलं, आखाजी आलीच आहे, तेव्हा नाना आणि माझे मित्र आमच्याकडे खापरावर भाजलेले मांडे खायला येतील, सर्वांसमक्ष आमंत्रण देतो. पुन्हा टाळ्या. बायको खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिली.

परतीची एसटी चोपड्यावरून होती. गाडीत ती खिडकीशी बसली. मी तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. मला वाटत होतं, मी सांगितल्याशिवाय तिला कळणार नाही. जळगाव मागे पडल्यावर तीच म्हणाली, "ती गारगोटी माझी होती."

मी हो म्हटलं.

"काडी दिसत होती मधे. रोपाची."

मग मी सगळं सांगितलं. व्हरांडा, माठ, होळी, म्हातारीचं झाड, नानांनी बघितलेला वारा. आमटीचंही सांगितलं. बाहेर केळीच्या बागा लागल्या होत्या, तिच्या माहेरच्यासारख्या, आणि ती त्यांच्याकडे बघत होती. गाडी थांबली, माणसं चढली, उतरली. चोपड्याला कुणीतरी शेंगा घेतल्या आणि त्यांची टरफलं माझ्या पायांवर पडत राहिली. मी पाय काढून घेतले नाहीत. माझी समजूत अशी होती की आता ती रडेल, नाहीतर मला बोलेल. माईकवरून माझ्या तोंडून जे निघालं होतं त्याबद्दल बोलायला जागा भरपूर होती.

शिरपूर जवळ आलं तसं मीच म्हटलं, आखाजीचं आमंत्रण तोंडातून निघून गेलं, मी उद्या धुळ्याला काहीतरी निमित्त कळवतो, तू आजारी आहेस म्हणून.

तिने पदर डोक्यावर घेतला, पिशवी मांडीवर ओढली आणि म्हणाली, "मी कायले आजारी पडू? येऊ द्या त्यांना. मांडे मी करते. खापराखाली जाळ तेवढा तुमच्या मित्राला घालू द्या. वारा बघायला नाना आहेतच."